पुरात बोट कुणाच्या सांगण्यावरनं सोडायची? एकच कमांडर पाहिजे का?

कृष्णाकाठ:
पावसाळा तोंडावर आलाय म्हणून विषय काढतोय. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 फूट. आमच्या भागात आम्ही पोरंच बोटी काढत होतो. एका दुपारी एकाच घरातनं तिघांना फोन गेले आणि तीन बोटी एकापाठोपाठ त्याच गल्लीत शिरल्या, मागच्या गल्लीत मात्र एक म्हातारा-म्हातारी अंधार पडेस्तोवर गच्चीवर छत्री धरून बसलेली, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा गेला असंल. वाचली दोघं, पण आजीचे हात गारठून पांढरे पडलेले ते मला अजून दिसतात.
नंतर मी इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीमचं, म्हणजे संकटात कुणी काय करायचं आणि कुणाचं ऐकायचं ते ठरवणाऱ्या पद्धतीचं, ट्रेनिंग केलं. एनडीएमएनं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं, 2010 मध्ये गाइडलाइन काढलीय, मूळ पद्धत कॅलिफोर्नियातल्या 1970 च्या वणव्यांनंतर तयार झाली, तिथंबी हीच बोंब होती, गाड्या भरपूर पण कुणाचा कुणाला मेळ नाही. माझं मत सरळ आहे, एका ठिकाणी एकच कमांडर, त्याला सांगितल्याशिवाय एकबी बोट सुटायची नाही.

पलूसचा_गडी:
साफ चूक. त्या पुरात रस्ते बंद, लाइट नाही, मोबाईल बंद पडलेले, कित्येक गावांना बाहेरनं मदत यायला वेळ लागला. तोवर कोण होतं? गावातलीच माणसं. बाई पाण्यात उभी राहून हाका मारतीय आणि मी काय साहेबाची वाट बघत बसू? परमिशन येईपर्यंत माणूस जातो.

कृष्णाकाठ:
साहेबाची वाट बघा असं ती पद्धत म्हणतच नाही. जो पहिला पोचतो तोच कमांडर, हुद्दा काहीबी असू दे. सरपंच असंल, होमगार्ड असंल, नाहीतर तुम्ही. जास्त तयारीचा माणूस आला की समोरासमोर ताबा द्यायचा, काय झालं, काय केलं, कोण कुठं गेलंय, काय कमी पडतंय एवढं सांगायचं, आणि आता कमांडर हे आहेत म्हणून सगळ्यांना ऐकवायचं. जिल्ह्याची जबाबदारी कलेक्टरांवर असते पण काठावरचा निर्णय काठावरच घ्यायचा.

मिरजेची_सिस्टर:
ब्रह्मनाळ विसरू नका कुणी. 8 ऑगस्ट 2019, बोट गावाचीच, माणसं जीव वाचवायलाच बसलेली, बोटीत गर्दी जास्त झाली आणि उलटली. दोष कुणाला देत नाही, पाणी घरात शिरल्यावर पुढच्या बोटीत बसा म्हटलं तर कोण ऐकणार? म्हणूनच या पद्धतीत सेफ्टी ऑफिसर वेगळा असतो, धोका दिसला तर काम जागेवर थांबवायचा त्याला अधिकार. लाइफ जॅकेट मोजणारा आणि बस्स म्हणणारा माणूस बोट चालवणारा नको, त्याच्या कानात रडणं असतं.

पलूसचा_गडी:
ताई, ब्रह्मनाळचं बोललात तर माझ्याकडं शब्द नाहीत. सेफ्टीवाला वेगळा, हे मान्य. पण बाकीचं नाही. बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याला ओढ कुठं आहे, पाण्याखाली कुणाच्या द्राक्षबागेच्या तारा आहेत, कुठली कंपाउंडची भिंत आहे हे कसं कळणार? आमच्या नावाड्याला अंधारात कळतं. ट्रेनिंग घेतलेला आलाय म्हणून तुम्ही त्याला बाजूला बसवणार. आणि फॉर्म भरायला आम्हाला वेळ नसतो.

कृष्णाकाठ:
नावाडी बाजूला बसला तर पद्धतच फसली म्हणा. ऑपरेशन, प्लॅनिंग, लॉजिस्टिक असे तीन भाग असतात, नावाडी ऑपरेशनमध्ये पाहिजे आणि प्लॅनिंगवाल्यानं नकाशा त्याच्या शेजारी बसून काढायचा. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाचजण, सातच्या वर नकोच, आमच्या ग्रुपवर चाळीसजण एकदम बोलत होते तिथंच घोटाळा झाला. बोटी, जॅकेट, डिझेल, पोरं सगळं एका उंच जागेवर थांबवायचं, तिथनंच सोडायचं. फॉर्म राहू द्या, शंभर पानी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पेन्सिल ठेवा, बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही. कुठली बोट, कुठल्या गल्लीत, किती वाजता, किती माणसं, परत कधी. त्या दिवशी एवढी वही असती तर मागची गल्ली कोरी दिसली असती.

पलूसचा_गडी:
वही चालंल. घाटावर मीच धरीन. पण आमच्या गावाचा पहिला कमांडर नावाडीच राहणार आणि कुणाला ताबा द्यायचा, कधी द्यायचा हे पाऊस लागायच्या आत ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर ठरलं पाहिजे, आणि येणाऱ्या अधिकाऱ्यानं पहिला प्रश्न त्यालाच विचारायचा. हे लिहून देत असाल तर आमची पोरं ट्रेनिंगला येतील, नाहीतर नाही.

मिरजेची_सिस्टर:
बैठकीला आशाताईंनाबी बोलवा. गच्चीवर कोण बाळंतीण आहे, कुणाला डायलिसिसला न्यायचंय ते त्यांच्या रजिस्टरमध्ये मिळंल.