चौथीची मुलं धडा खडाखडा वाचतात, पण 'का?' विचारलं की गप्प

चोपड्याची बाई
चौथी, पट २६. वाचन चांगलं आहे. कोण, कुठे, केव्हा याची उत्तरं पटापट येतात. उत्तर सरळ ओळीत नसलं की मात्र प्रश्नातला शब्द धड्यात शोधतात आणि ती अख्खी ओळ उतरवून काढतात. प्रश्न कसे विचारावेत, किती, आणि वाचनाआधी की नंतर? घरी सगळे अहिराणी बोलतात.

सातपुडा_४२५
ताई, ओळ उतरवून बरोबरची खूण मिळते, म्हणून उतरवतात. प्रश्नातला शब्द धड्यात जसाच्या तसा असेल तर समजून घ्यायची गरजच काय?

एवढा उतारा फळ्यावर लिहून बघा (धाबं म्हणजे घराचं सपाट छप्पर, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड):

आजीने सकाळी धाब्यावर बिबड्या वाळत घातल्या. दुपारी ती ओसरीत ज्वारी पाखडत होती. सोनू धापा टाकत आला आणि त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. आजी सूप तिथेच टाकून शिडीकडे पळाली.

'बिबड्या कुठे घातल्या?' याचं उत्तर एका ओळीत आहे. 'सकाळपासून आजीने काय काय केलं?' याला तीन ओळी जोडाव्या लागतात. 'आजी का पळाली?' इथे खरी गंमत. पाऊस हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. आभाळाकडचं बोट उताऱ्यातून घ्यायचं, ओल्या बिबड्यांचं काय होतं ते घरून आणायचं. चौथा प्रकार 'तुला कोणतं वाळवण आवडतं?' हा उतारा न वाचताही सुटतो, म्हणून शेवटी एखादाच.

अमेरिकन वाचनतज्ज्ञ टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात केलेली प्रश्नांची विभागणी हीच. बहुतेक जण एक गोष्ट विसरतात: प्रश्नाचा प्रकार मुलांनी ओळखायचा, तोही उत्तर देण्याआधी. पहिले दोन आठवडे रोज एकच छोटा उतारा, चार प्रश्न. उत्तराआधी वहीत १ ते ४ पैकी आकडा टाकायचा.

वाचनाआधी एकच प्रश्न पुरे. धडा वाचताना मध्ये दोनदा थांबा. वरच्या छोट्या उताऱ्यात एकदाच, 'बोट दाखवलं' इथे. पुढे काय होईल ते एका ओळीत लिहून घ्या, मग वाचून पडताळा. दर ओळीला थांबलात तर गोष्टीचा धागाच तुटतो.

बोरीकाठ
सरांच्या म्हणण्यात एक भर. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा, मगच नाव घ्या. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७४ साली दाखवलं की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात. आधी नाव घेऊन प्रश्न विचारला तर उरलेले पंचवीस जण सुटले!

धुळे_भाषा
अहिराणीचं आधी तपासा. अडलेल्या मुलाला तोच प्रश्न 'आजी काबर पळनी?' असा विचारा. अहिराणीत बरोबर सांगितलं तर आकलन ठीक आहे, प्रमाण मराठीतली मांडणी अडते आहे. तेव्हा तोंडी अहिराणीत सांगू द्या, तुम्ही ते मराठीत फळ्यावर लिहा, मग त्यांना लिहायला लावा. दोन्ही भाषांत गप्प असेल तरच अनुमानाचा, म्हणजे न लिहिलेलं ओळखण्याचा, सराव. नंदुरबारकडच्या पावरी, भिली या बोलींनाही हेच लागू.

चोपड्याची बाई
आभार. 'कशावरून?' विचारलं की मुलं लगेच उत्तर बदलतात, त्याचं काय करायचं?

सातपुडा_४२५
आपण तो प्रश्न उत्तर चुकल्यावरच विचारतो ना, मग 'कशावरून' म्हणजे 'चूक' हे मुलांना पाठ झालेलं असतं. महिनाभर बरोबर उत्तरालाही तेवढ्याच वेळा आणि त्याच आवाजात विचारा. जोड्या करा: एकाने उत्तर सांगायचं, दुसऱ्याने आधाराच्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची. तेरा जोड्या, रोज चारच तपासा. एखाद्याने अख्ख्या ओळीखाली रेघ मारली तर म्हणा, 'यातला एकच शब्द ठेव.' 'आभाळाकडे' आणि 'बोट' यांवरून भांडतील. भांडू द्या.