मॉसफेटखालचा छोटा रेझिस्टर

तुम्ही विचारलंय, यूसी ३८४२ (स्विचिंग पॉवर सप्लाय चालवणारी चिप) च्या सप्लायमध्ये मॉसफेटच्या, म्हणजे करंट झटपट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, सोर्स या पायाखालचा ०.५ ओहमचा रेझिस्टर जळालाय, तिथं तार टाकली तर चालेल का? अजिबात नको. सगळी मेख तिथंच आहे.

चिपमधला ऑसिलेटर, म्हणजे ठेका देणारा भाग, मॉसफेट नुसता चालू करतो. बंद कधी करायचा, ते करंट ठरवतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी वाइंडिंगमधला करंट चढत जातो, तसा या रेझिस्टरवरचा व्होल्टेजही चढतो. तो एरर अॅम्प्लिफायरनं (आउटपुट कमी-जास्त आहे का ते बघणारा चिपमधला भाग) आखलेल्या रेषेला भिडला की गेट लगेच खाली, म्हणजे मॉसफेट बंद. ही रेषा चिपच्या आतच १ व्होल्टला अडवलेली असते, म्हणजे ०.५ ओहमला कमाल २ अँपिअर. तार टाकलीत की चिप आंधळी, आणि पुढचा मॉसफेट गेलाच समजा.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा माझ्याकडं आला होता. लोड आला की सप्लाय मान टाकायचा. चिप दोनदा बदलली (उगाच!). शेवटी चिपच्या ३ नंबरच्या पायाजवळचा (याच पायानं ती रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघते) स्पाइक गाळणारा ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर तडकलेला सापडला. मॉसफेट चालू होतानाचा टोकदार स्पाइकच चिपला खरा करंट वाटत होता.

ड्यूटी, म्हणजे प्रत्येक फेरीत मॉसफेट चालू राहण्याचा वाटा, ५० टक्क्यांवर गेली की एक पल्स रुंद, एक अरुंद, असा खेळ होतो. त्याला स्लोप कॉम्पेन्सेशन (करंटच्या सिग्नलमध्ये थोडा चढ मिसळणं) लागतं, पण तुमचा प्रश्न तो नाही. आधी रेझिस्टर त्याच किमतीचा, त्याच वॅटचा टाका.