मदत हवी आहे: २०१२ ची वॅगनआर, मागच्या उजव्या बाजूचा रंग जुळत नाही. घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मुक्काम ठाणे, वर्तकनगर. आईला रिक्षात चढउतार जमेनाशी झाली आहे, म्हणून घरात एक जुनी पेट्रोल गाडी घ्यायचं चाललंय. ऐरोलीत एका गृहस्थांकडे २०१२ ची वॅगनआर पाहिली. एमएच-४३ पासिंग, सिल्व्हर, मालक दुसरे, मागतायत १ लाख ७० हजार. इंजिन, गिअर, एसी ठीक वाटलं. माझं अडलंय ते रंगापाशी.

गाडी दाखवली स्टिल्ट पार्किंगमध्ये, ती पण नुकतीच धुतलेली, ओली. मी बाहेर सावलीत काढायला लावली (गृहस्थांचा चेहरा जरा पडला). सुकल्यावर मागचा उजवा दरवाजा आणि त्यामागचा चाकावरचा पत्रा बाकी गाडीपेक्षा किंचित काळपट दिसू लागला. मागचा बंपर तर तिसऱ्याच छटेचा. मालकांचं म्हणणं, "सोसायटीच्या पिलरला घासली होती, टचअप केलंय, बाकी काही नाही."

असेलही. पण दरवाज्याच्या रबर बीडिंगवर रंगाचे बारीक कण आहेत. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक डावीकडे पटकन चिकटतं, उजवीकडे चाकाच्या मागे खाली जेमतेम धरतं. आणि डिकीतली मॅट उचलून स्टेपनी काढली, तर उजव्या कोपऱ्यातला पत्रा लाटा आल्यासारखा. तिथलं सीलंट गुळगुळीत, नवं. डावीकडचं जाडंभरडं, जुनं.

हे नुसतं टचअप आहे की मागून ठोकलेली गाडी आहे? ठोकलेली असेल तर सोडूनच द्यावी का?

प्रतिसाद १

ताई, आधी बंपर डोक्यातून काढा. तो प्लास्टिकचा, रंगतो वेगळा, म्हातारा होतो वेगळा. बारा-तेरा वर्षांच्या गाडीत बंपर जुळला तरच मी संशय घेईन! सिल्व्हरचं दुखणंही निराळं. त्यात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते स्प्रे गनचा दाब आणि हात बदलला की वेगळे बसतात. शेड कोड तोच वापरला तरी एका कोनातून काळपट दिसणारच. घोडबंदर रोडने रोज जाणारी आणि कुठेच न रंगवलेली गाडी मला तरी अजून दिसलेली नाही.

प्रतिसाद २

रंगाबद्दल वरच्यांशी सहमत. पण डिकीचं काय? पिलरला घासल्याने स्टेपनीखालचा पत्रा लाटा खात नाही.

दरवाजा, बॉनेट, पुढचे फेंडर बोल्टवर असतात. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडाला असेल तर पाना लागला होता एवढंच समजायचं. बदललेला दरवाजा म्हणजे काही गुन्हा नाही. तुम्ही म्हणताय तो मागचा पत्रा म्हणजे क्वार्टर पॅनल. तो बॉडीला वेल्ड केलेला असतो. बदलायचा तर कापावाच लागतो, नाहीतर ठोकून वर पुट्टी (खड्डे भरायचा लेप). चुंबक सुटतंय म्हणजे पुट्टी जाड आहे. मायक्रॉन मीटर (रंगाची जाडी मोजणारा) मिळाला तर लावा: कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन, पुन्हा मारलेला २०० ते ३००, आणि हजाराच्या वर गेला की खाली पुट्टीच.

आता हे बघा. मागच्या दरवाज्याचं आणि डिकीचं रबर ओढून काढा (परत बसतं, घाबरू नका). खाली कंपनीचे स्पॉट वेल्ड दिसतील, सारख्या अंतरावर गोल खळगे. डावी-उजवी बाजू ताडून पाहा. उजवीकडे खळगे गायब असतील किंवा वेल्डिंगची सलग रेघ असेल, तर पत्रा कापलेला आहे. मागच्या काचेच्या शिक्क्यात वर्षाचा आकडा शोधा. २०१२ च्या गाडीला २०११ ची काच चालते, २०१९ ची असेल तर विचारा का बदलली. शेवटी लिफ्टवर चढवून मागचे लांब चॅनल बघा, म्हणजे गाडीचा भार पेलणारे खालचे पोलादी दांडे. ते सरळ असतील तर फक्त पत्र्याचं काम झालंय. वाकवून सरळ केलेले असतील तर फुकट दिली तरी घेऊ नका.

खाडीजवळची गाडी आहे, वेल्डच्या जागी आतून गंज धरतो. तिथे बोटाने दाबून बघाच.

प्रतिसाद ३

पत्रा बघाल तेव्हा बघाल, कागद आज मागा. फुल इन्शुरन्स असेल तर पॉलिसीवर एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) किती ते पाहा. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २०, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५० टक्के. क्लेम झाला की परत शून्यापासून. मात्र नुसती थर्ड पार्टी असेल तर त्यातून काही कळणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पॉलिसीचा फोटो मागवला. फुल आहे, एनसीबी २५ टक्के. गाडी त्यांच्याकडे २०१७ पासून आहे, आणि पिलरचा किस्सा ते लॉकडाऊनमधला सांगतात. मग ५० का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "एजंटला माहीत."

प्रतिसाद ३

२५ म्हणजे विनाक्लेम दोनच वर्षं. त्याआधीच्या वर्षी क्लेम झालाय, नाहीतर पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त बंद पडली होती. मागच्या तीन-चार पॉलिसी मागा, सलग असतील तर उत्तर मिळालंच. क्लेम निघाला तर बिलाची प्रतही मागा, त्यात काय काय बदललं ते ओळीने लिहिलेलं असतं.

धागाकर्ती

मागितल्या. "शोधून देतो" म्हणालेत, आणि लगेच किंमत दीड लाखावर आणली. शनिवारी ओळखीचा बॉडीवाला घेऊन जातेय, लिफ्टवर चढवायला ते तयार आहेत. टोकन मागतायत दहा हजार.

प्रतिसाद २

लिफ्टवरून उतरेपर्यंत दहा रुपयेही देऊ नका. आणि बॉडीवाला तुमचाच न्या, त्यांनी सुचवलेला नको.