चीक म्हणजे नक्की काय, प्रथिन का कर्बोदक?

तासगावची सून:
एक शंका आहे, हसू नका. कुरडया घालायच्या म्हणून तीन दिवस गहू भिजवलेला, काल वाटून गाळून चीक काढला, आणि नेमकी शेजारच्या काकूंची गाय व्यालेली म्हणून संध्याकाळी त्या तांब्याभर चीक देऊन गेल्या. ओट्यावर दोन पातेली, दोन्हीत चीक. लेक नववीत आहे, विज्ञानाचं पुस्तक घेऊन तिथंच बसलेली, म्हणती मम्मी चीक म्हणजे प्रथिन का कर्बोदक, एक काय ते सांग. मी म्हटलं दोन्ही, तर म्हणती असं पेपरात लिहिलं तर शून्य मार्क. त्यात सासूबाई आतनं म्हणाल्या, आणि रुईचा चीक गं, तो कशात धरायचा? हा शब्द मुळात आहे तरी कशाचा?

कृष्णाकाठचा गडी:
ताई बोटाला चिकटतं ते चीक, विषय संपला. उंबराचा चीक, फणसाचा चीक, कच्च्या पपईचा चीक, कुठं पुस्तक उघडायला लागतंय. माझ्या मते चिक्कूचं नाव पण ह्याच्यावरनंच पडलं असणार, कच्चा तोडला की कसला गळतो.

वाईकर:
दादा बाकी सगळं बरोबर, पण चिक्कूचं तसं नाही बरं का. ते झाड मेक्सिकोकडचं, तिथल्या नाहुआत्ल भाषेत असल्या चिकाला त्सिक्तली म्हणायचे, स्पॅनिश लोकांनी त्याचं चिक्ले केलं, जुन्या काळी च्युइंगम त्याचंच व्हायचं. आपला चिक्कू त्या घराण्यातला. चीक आणि चिक्ले ऐकायला एकसारखे वाटतात तो निव्वळ योगायोग, फसायला मात्र झकास.

कराडचा मास्तर:
लेकीचा प्रश्न बरोबर आहे, फक्त तिला सांगा की चीक हे पदार्थाच्या वागण्याचं नाव आहे, आत काय भरलंय त्याचं नाही. पण गंमत अशी की आपण ज्याला ज्याला चीक म्हणतो त्यात बहुतेकदा लांबलचक साखळ्यांचे रेणू निघतात, आणि चिकटपणा, घट्टपणा बराचसा त्या लांबीमुळंच येतो. ह्यांना महारेणू म्हणायचं. श्टाउडिंगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1920 च्या सुमारास हे मांडलं तेव्हा बरेच जण मानायला तयार नव्हते, एवढे मोठे रेणू असूच शकत नाहीत म्हणायचे, मग 1953 ला त्यालाच नोबेल दिलं.

आता गाईचा चीक. त्यात प्रथिनं नेहमीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यातली बरीचशी अँटीबॉडी. गाईच्या वारेतनं अँटीबॉडी वासराकडं जात नाहीत, त्यामुळं वासरू जन्मतं ते जवळपास उघडंबोडकं. पहिला साधारण दिवसभर त्याच्या आतड्यातनं अख्खं प्रथिन न पचता सरळ रक्तात जाऊ शकतं, मग ते दार बंद. खरवस करताना तीच प्रथिनं उष्णतेनं उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि वडी धरते. विरजण नको, काही नको.

गव्हाचा चीक म्हणजे स्टार्च. ग्लुकोजला ग्लुकोज जोडत गेलेली साखळी, कोंब वर येऊन पानं फुटेपर्यंत खायला म्हणून दाण्यानं बांधून ठेवलेली शिदोरी. गव्हातलं जे प्रथिन, ग्लुटेन, ते बरंचसं गाळणीवर चोथ्यात राहतं. आणि गंमत बघा, ग्लुटेन हा लॅटिन शब्द, अर्थ डिंक, सरस. म्हणजे तिकडच्यांनी पण चिकटण्यावरनंच नाव ठेवलं.

रुईचा चीक तिसराच. झाडाला जखम झाली की वाहतो, थिजून ती बुजवतो आणि किडीला तोंड लावू देत नाही. त्यात रबराच्या जातीची साखळी असते, शिवाय प्रथिनं तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम. पपईच्या चिकात पण अशी विकरं, म्हणून तर मटण लवकर शिजायला कच्ची पपई लावतात. सासूबाईंना सांगा रुईच्या चिकाचा हात डोळ्याला लावू नका.

कृष्णाकाठचा गडी:
मास्तर हे वासराचं पहिल्यांदाच कळलं. आमचं आजोबा वार पडायची वाट न बघता वासराला आधी कासंला लावायचं, आम्हाला वाटायचं उगं घाई. बरं मग तूप कशात? ते पण बोटाला लागतंयच की.

वाईकर:
तूप घसरतं हो, चिकटत नाही. तो मेद, आणि खरं तर महारेणू पण नव्हे, त्यात तसली लांब साखळी नसते, पुस्तकात सोयीसाठी एका पंगतीला बसवतात. शब्दाचं म्हणाल तर शाळेत स्निग्ध पदार्थ किंवा मेद, पण आमच्या वाईत जो विश्वकोश झाला त्यात नोंद वसा व तेले अशी आहे. मला हे कधीच पचलं नाही. मराठी माणसाला वसा म्हटलं की उतू नको मातू नको घेतला वसा टाकू नको हेच आठवणार, चरबी कशी आठवेल. त्याच विश्वकोशात कर्बोदकांना कार्बोहायड्रेटे म्हटलंय. कर्बोदक म्हणजे कर्ब अधिक उदक, कोळसा आणि पाणी, ऐकायला छान पण आत खरं पाणी नसतंच, फक्त हायड्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यासारखं, दोनास एक. प्रथिन मात्र मला सगळ्यात आवडलेला शब्द. प्रोटीन हे नाव 1838 ला बर्झेलियस नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं सुचवलं, ग्रीकमध्ये अर्थ पहिल्या मानाचं. आपल्याकडं प्रथमवरनं प्रथिन केलं, अर्थ पण जुळला आणि आवाज पण. ज्याला हे सुचलं त्याला एक कंदी पेढा.

कराडचा मास्तर:
केंद्रकाम्ल राहिलं की, पेशीच्या केंद्रकातलं आम्ल, डीएनए त्यातलाच. ते पण चिकटच निघालं होतं, मीशर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं 1869 ला दवाखान्यातल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन काढलं. घरी बघायचं असेल तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कुस्करा, मीठ आणि भांड्याचा साबण घालून गाळा, वरनं गार स्पिरिट हळू सोडा. पांढरे तंतू वर येतात, तो डीएनए. काडीला गुंडाळला की हुबेहूब चीक.

तासगावची सून:
स्ट्रॉबेरी नाही मिळाली पण मेडिकलमधलं तांबडं आयोडिन होतं. लेकीनं सांगितलं स्टार्च असेल तर निळं होतं. मी शिजत्या चिकातला चमचाभर घेऊन गरम गरमच थेंब टाकला, काही नाही, मळका डाग फक्त. म्हटलं मास्तर चुकले. लेक म्हणाली थांब गार होऊ दे, आणि खरंच, बशी निवली तशी कडेनं निळी व्हायला लागली, मग पार काळीनिळी. गाईच्या चिकावर तोच थेंब तांबूसपिवळाच राहिला. सासूबाईंनी दोन्ही बश्या बघितल्या आणि एवढंच विचारलं, ही बशी परत वापरायची का फेकायची.