बायोत ‘न्यूरोडायव्हर्जंट’ लिहायची ही काय हौस?

खवट_पेठकर (धागाकर्ता)
परवा इथे एका एकोणीस वर्षांच्या मुलीने लिहिलं की एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, चुळबूळ थांबत नाही, ते) निदान झालं, आता ती ‘न्यूरोडायव्हर्जंट’, म्हणजे मेंदूच वेगळ्या धाटणीचा, असं कॉलेजात, नातेवाइकांत, इन्स्टाच्या बायोत उघड सांगते, कारण ‘मी आळशी कधीच नव्हते’. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. तिथेच लिहिणार होतो, लांबलं म्हणून वेगळा धागा.

निदान झालं, गोळ्या घ्या, थेरपी घ्या. पण मिरवायचं कशाला? मला मधुमेह आहे, मी गळ्यात पाटी अडकवून फिरत नाही. विशीत शिक्का मारून घेतला की पुढे प्रत्येक अपयश त्याच्या नावावर खपवता येतं. आमच्या वर्गातही धांदरट, विसराळू, खिडकीबाहेर बघत बसणारी पोरं होती. मास्तरांनी फटकावलं, लागली मार्गाला.

उंबरठा
सगळी लागली? माझा मामा त्यातलाच. मोटरचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो, पण घरी आलेलं पाकीट महिनोन्महिने उघडत नाही. दहावी सुटली नाही ती नाहीच. साठीला आलाय, अजून स्वतःची ओळख ‘मी जरा ढ’ अशी करून देतो. तोही शिक्काच की, काका! फटके खाल्लेली पोरं तुमच्या गेट-टुगेदरला येत नाहीत, म्हणून तुम्हाला ती मार्गाला लागलेली दिसतात.

खडू_फळा
मी माध्यमिक शाळेत शिकवतो, त्यामुळे जरा वेगळं. ओळखबिळख ठीक आहे, पण दहावी जवळ आली की अध्ययन अक्षमतेच्या (वाचणं, लिहिणं, गणित अडतं, त्या) सर्टिफिकेटांचा पूर येतो त्याचं काय? कागद दाखवला की परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित. नववीपर्यंत धडधडीत लिहिणारा मुलगा दहावीत अध्ययन अक्षम! आणि हे बहुतेक पैसेवाल्यांच्या घरात.

नंदुरबारकरीण
सर, पैसेवाल्यांच्या घरात ‘होतं’ असं नाही, त्यांना कागद मिळतो. आमच्याकडे तपासणीसाठी मुंबई गाठावी लागली. रात्रभर एसटी, सकाळी रांग, मग पुढची तारीख. चाचणी घेणाऱ्या बाईंनी इंग्रजी उतारा पुढे ठेवला, माझी लेक मराठी माध्यमाची! ती आजही सुटे पैसे मोजताना अडते आणि दुकानदार हसतो. तिने सातवीचं गणित घेतलं म्हणून कुणाचं काय लुटलं?

खडू_फळा
ताई, तुमच्या मुलीबद्दल बोलत नव्हतो.

नंदुरबारकरीण
कधीच कुणाच्या मुलीबद्दल बोलत नसता. पण कागद दाखवायला गेलं की शिक्षकांच्या खोलीत जे हसू उमटतं ते आमच्याच मुलीला दिसतं.

कलम_कसाई
मास्तर, आधी कायदा वाचा. दिव्यांग हक्क कायदा २०१६, त्यात २१ प्रकार. स्वमग्नता (ऑटिझम) आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाहीच. म्हणजे धाग्यातल्या मुलीला त्या कायद्याखाली नुसत्या एडीएचडीवर काही मिळत नाही. सवलतीसाठी सोंग करतेय म्हणणाऱ्यांनी कुठली सवलत ते तरी सांगावं.

खवट_पेठकर
मी सवलतीचा ‘स’ काढलेला नाही. धागा कुठे चाललाय?

जर्नल_अपूर्ण
ती एकोणीस वर्षांची मीच. इंजिनिअरिंगला आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळी जर्नलं एकदम लिहायची, सकाळी सही घ्यायला जायचं आणि फाइल रिक्षात विसरायची. घराच्या किल्ल्या इतक्या हरवल्या की आईने एक दप्तराच्या आत शिवूनच टाकली. बारावीपर्यंत ‘हुशार आहे पण’ एवढंच ऐकलं. निदानानंतर गोळी सुरू झाली. केमिस्ट चिठ्ठी उलटसुलट बघतो आणि दुकानभर ऐकू जाईल असं विचारतो, ‘कुणासाठी?’ मी सांगते, ‘माझ्यासाठी.’ बायोत लिहिलं ते या ‘कुणासाठी’ला कंटाळून. आणि काका, रक्तातली साखर वाढली म्हणून तुम्हाला कुणी लहानपणापासून ‘वाया गेलेला’ म्हटलं होतं का?

ट्यूबलाइट_बंद_करा
बंगळूरहून. मला ऑटिझम आहे, निदान तिशीत. काकांचा एक मुद्दा मान्य, नाइलाजाने: तीस सेकंदांचं रील बघून ‘अय्या, सेम मी’ म्हणणाऱ्यांचा वैताग आम्हालाही येतो. पण लहान वयात नाव कळू नये हा त्यावर उपाय नव्हे. ऑफिसात डोक्यावरची ट्यूब गुणगुणायची, मला कीबोर्डचा आवाजही सहन होईना. दुसऱ्यांना ती ऐकूच येत नाही हे मला माहीत नव्हतं! विशीत कळलं असतं तर दोन नोकऱ्या वाचल्या असत्या.

खवट_पेठकर
बरं बाई, लिही बायोत. माझी परवानगी तुला लागत नव्हतीच म्हणा. पण चाळिशीतही तेच लिहिलेलं असेल तर मी येऊन हसणार.

जर्नल_अपूर्ण
तोवर पासवर्ड विसरलेली असेन.

मध्यमवर्गी_माधव
आमच्या वेळी हे काही नव्हतं. मोबाइल काढून घ्या, आठ दिवसांत सगळे बरे होतील.

उंबरठा
आले! प्रतिसाद न वाचता लिहिणारे.

खडू_फळा
ते सगळं ठीक. पण दहावीत अचानक उगवणाऱ्या सर्टिफिकेटांवर कुणीच बोललं नाही.

नंदुरबारकरीण
अचानक उगवत नाहीत सर. पहिलीपासूनच्या एकाही शिक्षकाला दिसलं नाही, म्हणून दहावीत कळतं. वेगळा धागा काढा, येते तिथे.