वाटून घ्यायला लावायचं, की द्यायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवू द्यायचं?

भुईकोट (धागा यांचा):
सुट्ट्या लागायच्या बेतात आहेत. सोलापूरचा उन्हाळा, म्हणजे पोरं अकरा ते पाच घरातच. घरोघरी कपाटभर खेळणी आहेत आणि त्यातली निम्मी महिनोन्‌महिने कुणी हातात घेत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक गल्लीने, प्रत्येक अपार्टमेंटने खेळणी सामाईक करावीत. लहानपणी ‘माझं माझं’ सुटलं तर मोठेपणी फाइल, पुस्तक, माहिती, नेट काहीही द्यायला हात आखडणार नाही. आणि डिजिटल वस्तू तर दिल्याने कमीही होत नाही, मग अडवायचं कशाला?

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी पद्धत देतो. पारदर्शक झाकणाचे डबे घ्या. झाकणावर आतल्या खेळण्याचा फोटो, तुकड्यांची संख्या आणि डब्यासकट वजन लिहा. ठोकळे परत आले की मोजत बसू नका, स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर डबा ठेवा, एक ठोकळा कमी असला तरी कळतं. पुठ्ठ्याच्या जिगसॉला हे चालत नाही, पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि वजन फिरतं. तिथे प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर संचाचं अक्षर लिहा. मुदत ७ दिवस, एका मुलाला एका वेळी दोनच डबे. तीन वर्षांखालचं मूल असलेल्या घरी देताना बारीक तुकडे बघून घ्या. खेळण्यांच्या सुरक्षेच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात जो तुकडा मावतो तो घशात अडकू शकतो. बटणासारखा सेल असलेलं खेळणं, आणि सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल, तर ते संग्रहात घेऊच नका. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं.

बालवाडीताई:
डब्यांची पद्धत उत्तम, वजनाची युक्ती तर फारच छान. पण तुमच्या मूळ विचाराला माझा ठाम विरोध आहे, दादा. ‘वाटून घे’ म्हणत मुलाच्या हातातलं खेळणं काढून दुसऱ्याला दिलं की मूल त्यातून एवढंच शिकतं की मोठ्या माणसाने हुकूम केला तर आपली वस्तू जाते. आणि समोरचं मूल शिकतं, रडलं की मिळतं. द्यायला आधी ते आपलं असावं लागतं.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ‘देणं’ आणि ‘परत मिळणं’ यांतला मधला वेळ कळतच नाही. त्याच्या लेखी वस्तू गेली ती गेली. म्हणून त्या वयात वाटप नको, पाळी लावा. पाच मिनिटांची वाळूची घडी समोर ठेवा. मोबाइलचा टायमर नको, त्यात वेळ सरताना दिसत नाही आणि घंटी वाजली की मूल दचकून भांडायला उठतं. वाळू डोळ्यांसमोर खाली येते, मन आपोआप तयार होतं. पाहुणे यायच्या आधी मुलालाच विचारा, ‘यातली कुठली दोन खेळणी आज द्यायची नाहीत?’ ती दोन कपाटात बंद. उरलेली ते आपण होऊन पुढे करतं. हा क्रम उलटला, म्हणजे पाहुण्यांची पोरं आल्यावर विचारलं, तर सगळीच खेळणी ‘द्यायची नाहीत’त जातात.

खाण्याचं मात्र वाटूनच द्यावं. शेंगापोळी एकच असेल तर एकाने मोडायची आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. मोडणारा इतकं जपून मोडतो की मध्ये पडावं लागत नाही.

भुईकोट:
ताई, पाळी लावणं हेही वाटणंच झालं की. पण ‘ही दोन देणार नाही’ अशी सवलत पहिल्या दिवसापासून दिली, तर ती दोनाची दहा कधी होतात कळत नाही. शेतात सावड (एकमेकांच्या रानात पाळीपाळीने राबायची रीत) असते तेव्हा ‘माझा बैल आज देणार नाही’ असं म्हणून कसं चालेल? सगळ्यांची पेरणी एकाच वाफशावर, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल असते तेवढ्या वेळातच, असते.

बालवाडीताई:
सावडीचंच घ्या. सावडीत हिशेब असतो. आज तुमच्या रानात दोन माणसं आणि बैलजोडी, तर परवा तितकीच माझ्या रानात. जो फेड करत नाही त्याला पुढच्या हंगामात कुणी बोलावत नाही. तिथे फुकट काही नाही आणि सक्तीही नाही. बैल कुणाचा हे सगळ्या गावाला माहीत असतं, म्हणून तर ती टिकते.

ताणाबाणा:
धाग्यात एक वाक्य आहे, ‘डिजिटल वस्तू दिल्याने कमी होत नाही’. सोलापुरात बसून हे वाक्य लिहू नका, ही विनंती.

चादरीचा नमुना म्हणजे काय ते आधी बघा. पूर्वी ग्राफच्या कागदावर चौकट न्‌ चौकट रंगवायची. मग बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) प्रत्येक फेऱ्याला एक पुठ्ठ्याचा पत्ता पंच करायचा. भोक तिथे मागावरचा हूक वर, त्याचा ताण्याचा (उभा) धागा वर. समजा इंचाला ३० बाणे आणि नमुना १२ इंचांचा, तर ३६० पत्ते. बाणा दोन रंगांचा असेल तर दुप्पट. मग ते दोऱ्याने एकमेकांना ओवायचे. एवढी माळ चोरायची तर पुन्हा तेवढेच पत्ते पाडावे लागायचे, म्हणून नमुना करणाऱ्याला थोडे दिवस मिळायचे. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्डला (मागावर हूक उचलून नमुना काढणाऱ्या यंत्राला) पेनड्राइव्ह लागतो. फाइल आज ग्रुपवर पडली की त्याच आठवड्यात दुसरीकडे तोच माल, आणि नमुन्याचा खर्च न केल्यामुळे कमी भावात. फाइल कमी झाली नाही हे खरं, पण ती करणाऱ्याची मजुरी गेली.

कायदाही नीट समजून घ्या. डिझाइन्स अॅक्ट २००० खाली नमुना नोंदवला तर १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण नमुना नवा हवा, अर्जाआधी प्रसिद्ध झालेला नको. एका गिऱ्हाइकाला विश्वासाने, गुप्त ठेवायच्या बोलीवर दाखवलं तर ते वेगळं. अर्जाआधी दीडशे जणांच्या ग्रुपवर ‘कसा वाटतोय सांगा’ म्हणून टाकलंत, तर नोंदणी तिथेच धोक्यात आली. आणि नोंदणी केलीच नाही, तर? ‘चित्र माझं आहे, कॉपीराइट आहेच’ असं बरेच जण समजतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नोंदवता येण्याजोगा नमुना न नोंदवता यंत्रावर ५० पेक्षा जास्त नग काढले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. ५० चादरी म्हणजे किती, हे सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, कुणालाही विचारा.

म्हणून माझ्याकडून ‘सगळं वाटा’ला साफ नकार.

पूर्वभाग:
ताणाबाणा, कायद्याचं बरोबर सांगितलंत, निष्कर्ष पटत नाही. चादरीवरचा मोर कुणी नोंदवला होता? तो या मागावरून त्या मागावर गेला म्हणून तर मोराची चादर म्हटलं की सोलापूर आठवतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते कुणा एका कारखान्याचं नाही. नाव सगळ्यांचं, आणि नियमात बसणाऱ्या इथल्या कुठल्याही उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. सामाईक मालकीचं याहून चांगलं उदाहरण कुठलं?

नक्कल करणाऱ्याची एवढी भीती बाळगायचंही कारण नाही. फोटोवरून चित्र उचलता येतं, वीण उचलता येत नाही. आतल्या भरणीत धागा किती ताण्यांवरून मोकळा जातो हे फोटोत दिसत नाही. नकलेत हे तरंग, म्हणजे मोकळे धागे, लांब राहतात, दोन धुण्यांत बांगडीत, खाटेच्या खिळ्यात अडकून ओढ निघते. ४०० हुकांची फाइल दुसऱ्या हुकसंख्येच्या जेकार्डावर घातली तर नमुना कडेला तुटतो. नक्कल फसते ती इथे.

ताणाबाणा:
फसते, पण गिऱ्हाइकाला ते दोन धुण्यांनंतर कळतं. तोवर पैसे त्याच्या गल्ल्यात. आणि बदनाम होते ती सोलापुरी चादर, म्हणजे तुमचं ते सामाईक नाव. मानांकन नाव राखतं, नमुना राखत नाही.

माढ्याचे_गुरुजी:
आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण इथे यायलाच हवं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, १० लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या ९ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या ज्या कामाचं कौतुक झालं ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं, तेही वाटण्याचंच. एकाने केलेला धडा सगळ्यांच्या पुस्तकातून उघडतो.

पण शिक्षक मंडळी हे करताना जिथे चुकतात ते सांगतो. क्यूआरमध्ये धडा नसतो, फक्त त्याचा इंटरनेटवरचा पत्ता असतो. व्हिडिओ स्वतःच्या खात्यावर ठेवला आणि खातं बंद झालं, की छापलेली सगळी पुस्तकं मुकी होतात. म्हणून पत्ता शाळेच्या किंवा संस्थेच्या जागेचा द्या, मागची फाइल बदलता येईल असा. कोड २ सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नका आणि चारी बाजूंनी त्यातल्या चार बारीक चौकोनांइतकी कोरी जागा सोडा. चौकटीची रेघ कोडला चिकटून काढली की फोन वाचत नाही. झेरॉक्स मारून वाटणार असाल तर कोड तयार करताना चूक-दुरुस्तीची पातळी ‘एच’ ठेवा, सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. मात्र त्याने कोड दाट होतो, म्हणून आतला पत्ता आखूड हवा. डिजिटल देणं फुकट नसतं, भुईकोट. कुणीतरी दरवर्षी जागेचं भाडं भरत असतं.

खिळे_जुळारी:
गुरुजींच्या मुद्द्याला एक जोड. नव्या पेठेपासून अक्कलकोट रोडपर्यंत डीटीपीच्या (छपाईसाठी मजकूर जुळवायच्या) संगणकांवर वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत पडून आहे. स्मरणिका, देवस्थानांची माहितीपत्रकं, गड्ड्याच्या जत्रेच्या पत्रिका. कुणी मागितलं तर लोक मनापासून फाइल देतात, आणि समोर उघडते ती इंग्रजी अक्षरांची गिचमीड. कारण त्या फॉन्टात ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, रोमन अक्षराच्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. द्यायचंच असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून द्या. बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘कार्य’, ‘किर्लोस्कर’, ‘विद्यार्थी’ हे तीन शब्द शोधले तरी बहुतेक चुका सापडतात.

आणि फॉन्टही असाच घेऊ नका. मुक्त, बलू यांसारखे चांगले देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. छापा, पुस्तकात घाला, दुसऱ्याला द्या, अक्षर बदलाही. नुसता फॉन्ट म्हणून विकता येत नाही, इतकंच. विकतच्या फॉन्टची चोरटी प्रत वाटणं आणि हे वाटणं, दोन्हींत हात तसाच हलतो. फरक करणाऱ्याने हो म्हटलंय की नाही याचा.

राउटरवाला:
नेटबद्दल कुणीच बोललं नाही. शेजारच्या पोराची परीक्षा आहे, वायफाय द्यावं का? द्या, पण घरचा पासवर्ड देऊ नका. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा, त्याला वेगळा पासवर्ड द्या, ‘आयसोलेशन’ चालू ठेवा म्हणजे त्याच्या फोनवरून तुमचा टीव्ही, प्रिंटर दिसत नाही. वेगाला मर्यादा घाला, परीक्षा संपली की पासवर्ड बदला. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जात नाही, शेजाऱ्यासाठी २.४ ठेवा. जोडणी देणाऱ्या कंपनीच्या अटीही वाचा, बऱ्याच जणी घराबाहेर द्यायला मनाई करतात. त्या नेटवरून काही भानगड झाली तर चौकशी आधी जोडणी ज्याच्या नावावर त्याच्याकडे येते. दुकानातून लोकांना नेट द्यायचंच असेल तर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना त्यासाठीच आहे, तिच्यात छोट्या दुकानदाराला परवाना लागत नाही.

पैशांचंही तसंच. आईला किंवा कॉलेजच्या मुलाला यूपीआयचा पिन सांगू नका. ‘यूपीआय सर्कल’मध्ये तुमच्या यूपीआयला ५ जणांपर्यंत जोडता येतात, ते तुमच्या खात्यातून पैसे देऊ शकतात. पूर्ण मुभा दिली तर एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा असते. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक व्यवहाराला तुमची संमती आणि तुमचाच पिन लागतो. पैसे वाटले जातात, किल्ली तुमच्याकडेच राहते.

भुईकोट:
‘कमी होत नाही’ हे वाक्य मागे घेतो. ताणाबाणांची मजुरी आणि गुरुजींचं जागाभाडं, दोन्ही माझ्या हिशेबात नव्हतं. ताईंची ‘दोन खेळणी कपाटात’ ही सोयही डब्यांच्या नियमात घालतो, फक्त आकडा दोनच राहील. पण कपाट रिकामं करायची सवय लावावीच लागते, आपोआप लागत नाही, यावर मी कायम आहे. म्हणून ताणाबाणांना थेट विचारतो, तुमच्या कपाटातलं काय बाहेर काढाल?

ताणाबाणा:
नवे नमुने नाहीत, ते अर्ज दाखल झाल्याशिवाय कुणालाही दिसणार नाहीत. मोर आणि जुन्या वेलबुट्ट्या, ज्यांवर कुणाचाच हक्क उरलेला नाही, त्या देतो. शिकणाऱ्या पोरांना त्याच लागतात.

पूर्वभाग:
मग अर्धवट देऊ नका. बीएमपी (ठिपक्यांच्या चित्राची) फाइल, आडव्या ओळीत एक ठिपका म्हणजे एक हूक. सोबत हुकांची संख्या, इंचाला ताणे-बाणे, सुताचा काउंट (जाडीचा आकडा) आणि प्रत्येक रंगाच्या जागी कुठली वीण भरायची ते. नुसतं चित्र दिलंत तर पुन्हा लांब तरंगांच्याच चादरी निघतील.

ताणाबाणा:
विणीचा तक्ता वेगळ्या पानावर जोडतो. ४०० हुकांचा मोर आधी.