युद्धपटाची सुरुवात: प्रेक्षक नेमका कशाने अडकतो?

घोडबंदरचा_ट्रॅफिक
आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत क्लबहाऊसमध्ये अधूनमधून प्रोजेक्टरवर सिनेमा लावतात, ह्यावेळी 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' लावला. एरवी आमची मंडळी पहिला अर्धा तास खुर्च्याच सरकवत असतात, कोणीतरी भेळ वाटतं, कोणाचं तरी पोरगं पडद्यासमोर सावल्या करतं. पण ओमाहा बीच, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरतं ती लढाई, सुरू झाली आणि साधारण पंचवीस मिनिटं कोणी हललं नाही. नंतर खाली गप्पांमध्ये सगळ्यांचं एकच, काय रक्त दाखवलंय बाबा, म्हणून अंगावर येतं.

मला हे अजिबात पटत नाही. रक्त हल्ली कुठल्याही वेबसिरीजमध्ये बादलीभर असतं आणि आपण ते वरणभात खात बघतो. माझं म्हणणं असं की त्या सीनमध्ये आपल्याला काहीच सांगितलेलं नाहीये म्हणून आपण अडकतो. 6 जून 1944, डॉग ग्रीन सेक्टर (त्या किनाऱ्याचा एक भाग), एवढंच पडद्यावर येतं. नकाशा नाही, कोण कुठून येणार, किती माणसं, प्लॅन काय, काही नाही. बोटीत टॉम हँक्सचा हात थरथरताना दिसतो, दोन-तीन चेहरे दिसतात, बोटीचा पुढचा दरवाजा खाली पडतो आणि समोरची रांगच्या रांग तिथल्या तिथे संपते. आता कोणाकडे बघायचं हेच आपल्याला कळत नाही. एखाद्या सैनिकावर नजर ठरवतोय तोवर तो गेलेला असतो. कॅमेरा पण गुडघ्याच्या उंचीवर, लोखंडी अडथळ्यांच्या आड लपतछपत, म्हणजे जेवढं त्या सैनिकाला दिसतं तेवढंच आपल्याला.

शिवाय शटरची गंमत आहेच. शटर म्हणजे कॅमेऱ्यातली फिरती चकती, तिचा जेवढा भाग उघडा तेवढा वेळ फ्रेमवर उजेड पडतो. नेहमीच्या शूटिंगला 180 अंशाचं शटर असतं, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशोबाने एका फ्रेमला सेकंदाचा 48 वा भाग. कॅमेरामन यानुश कामिन्स्कीने इथे 90 आणि 45 अंश वापरले. 45 म्हणजे सेकंदाचा 192 वा भाग. त्यामुळे हालचालीतला पुसटपणा जातो, उडालेला वाळूचा कण न् कण कडक दिसतो आणि माणसं झटके खात पळताना दिसतात. डोळ्याला सवय नसलेली गोष्ट आहे ती, म्हणून डोळा सारखा जागा राहतो. लेन्सवरचं कोटिंगसुद्धा काढून टाकलं होतं जुन्या लेन्ससारखं चित्र यावं म्हणून. शूटिंग नॉर्मंडीत नाही, आयर्लंडच्या वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर.

तर माझा मुद्दा एवढाच, प्रेक्षकाला माहिती देऊ नका, तो आपोआप पुढे सरकून बसतो. बोला.

पामबीच_पॅसेंजर
+१. आणि म्हणूनच आपल्या शिवकालीन पिक्चरमध्ये सुरुवातीला तो जळता नकाशा आणि भारदस्त आवाजातली दहा मिनिटांची कॉमेंट्री आली की मी पॉपकॉर्न आणायला जातो.

तिसरी_घंटा
ट्रॅफिकराव, तुम्ही सिनेमा बीचपासून सुरू केलात, दिग्दर्शकाने तो दफनभूमीपासून सुरू केलाय. म्हातारा माणूस, मागे कुटुंब, क्रॉसच्या रांगा, तो गुडघ्यावर बसतो, कॅमेरा त्याच्या डोळ्यांजवळ जातो आणि कट टू ओमाहा. म्हणजे प्रेक्षकाला माहिती दिलेलीच आहे की ह्यातला एक जण वाचणार! उलट चुकीची माहिती दिलीय. आपण धरून चालतो की हा म्हातारा म्हणजे हँक्स. शेवटी कळतं की तो रायन, म्हणजे हँक्सची तुकडी ज्याला शोधायला जाते तो सैनिक, आणि रायन तर पॅराशूटवाला, त्या दिवशी ओमाहावर नव्हताच. मग ही आठवण कोणाची? डोळे एकाचे आणि दृश्य दुसऱ्याचं. नाटकात असं केलं असतं तर गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं असतं.

दुसरं, तुमचा नियमच मला मान्य नाही. गोंधळात पडलेला प्रेक्षक गप्प बसतो हे खरं, पण गप्प बसणं म्हणजे गुंतणं का? 2022 चा जर्मन 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' बघा. सुरुवातीला हाइनरिश नावाचा पोरगा खंदकातून बाहेर पडतो, धावतो, संपतो. मग त्याचं काय होतं ते न दाखवता त्याच्या युनिफॉर्मचं काय होतं ते दाखवलंय. प्रेतावरून कपडे उतरवले, गाठोडी बांधली, गाडीतून लांब नेली, धुतली, शिलाई मशिनवर बायका बसल्यात ओळीने आणि गोळ्यांची भोकं शिवतायत. मग तोच कोट नवीन भरती झालेल्या पाऊलला मिळतो. तो साधेपणाने सांगतो की ह्यात दुसऱ्याच कोणाचं तरी नाव आहे. अधिकारी नावाची चिठ्ठी फाडतो, म्हणतो त्याला लहान होत असेल, असं नेहमी होतं. पोरगा खूश!

इथे प्रेक्षकाला सगळं माहीत आहे आणि नायकाला काहीच नाही. आणि मी तर त्या क्षणी खुर्चीतून पडद्यात हात घालायच्या बेतात होतो. रक्ताचा थेंब नाही त्या शिलाई मशिनवर, निदान ताजा तरी नाही. कळलेलं असणं जास्त छळतं हो.

घोडबंदरचा_ट्रॅफिक
घंटा साहेब, हाइनरिश धावत असताना तुम्हाला तो हिरो वाटला होता की नाही खरं सांगा. तिथे तुम्हाला फसवलं म्हणूनच पुढची शिलाई मशिन चालली. आधी अंधारात ठेवलं, मग दिवा लावला. माझा मुद्दा तसाच उभा आहे.

आणि दफनभूमीचं म्हणाल तर तो भाग आमच्या क्लबहाऊसमध्ये कोणी धड बघितलाच नाही, भेळ तेव्हाच चालू होती.

तिसरी_घंटा
भेळेवर सिनेमाचा सिद्धांत उभा करताय, छान आहे.

ऐरोलीचा_कान
मी साउंड एडिटिंगमध्ये आहे, रोज ऐरोली ते अंधेरी करतो, त्यामुळे कानाला त्रास म्हणजे काय ह्यावर बोलायचा मला हक्क आहे 😄

तुम्ही दोघंही डोळ्यांचं बोलताय. ओमाहाच्या लढाईत पार्श्वसंगीत नाहीये हे कोणी लिहिलं नाही अजून? जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असून त्या अख्ख्या लढाईला एक सूर दिलेला नाही. संगीत असलं की प्रेक्षकाला आधार मिळतो, आता वाईट होणार, आता जिंकणार, सगळं आधी कानात सांगितलं जातं. ते काढून घेतलं की तुम्ही स्वतःच आवाजात वाट शोधायला लागता, ही गोळी कुठून आली, डावीकडून की मागून. साउंड डिझायनर गॅरी रायडस्ट्रॉमने त्या काळातली खरी शस्त्रं उडवून आवाज रेकॉर्ड केले होते, उगाच दोन ऑस्कर नाही मिळाले त्या सिनेमाला आवाजासाठी. लोखंडावर आपटलेली गोळी वेगळी, वाळूतली वेगळी, हेल्मेटवरची वेगळी.

मग तो भाग, हँक्सला स्फोटाचा दणका बसतो आणि सगळा आवाज दबतो, नुसती घरघर. समोर माणूस स्वतःचा तुटलेला हात उचलून घेऊन चाललाय आणि आपण ते बहिऱ्यासारखे बघतोय. त्या वेळी तुम्ही हँक्सच्या डोक्याच्या आत असता. सबजेक्टिव्ह साउंड म्हणतो आम्ही त्याला. माझ्या मते प्रेक्षक तिथे अडकतो, शटरमुळे नाही.

एक बारीक कुरकुर पण करतो. पाण्याखाली गोळ्या सटासट जाऊन माणसं मरतात ते दिसायला भारी आहे, पण रायफलची वेगवान गोळी पाण्यात शिरली की दोन-तीन फुटांत तिचा जोर संपतो. आणि खऱ्या आयुष्यात आवाजापेक्षा वेगाने येणाऱ्या गोळीचा 'फट्ट' आधी ऐकू येतो, बंदुकीचा 'धाड' नंतर. सिनेमावाले हे बहुतेक वेळा उलटं किंवा एकत्र करतात कारण नाहीतर प्रेक्षकच म्हणेल की सिंक (चित्र आणि आवाजाचा मेळ) गेलंय. ते सिंक मीच बिघडवलंय असं समजून मला प्रोड्युसर झापेल.

नौपाड्यातली_मावशी
कान भाऊ, मग 'डंकर्क'चं काय? तिथे तर संगीत पहिल्यापासून टिकटिक करत बोकांडी बसतं.

ऐरोलीचा_कान
मावशी, ती टिकटिक दिग्दर्शक नोलनच्या स्वतःच्या घड्याळाची आहे, रेकॉर्ड करून संगीतकार हान्स झिमरला दिली होती. ती काही सांगत नाही, नुसती घाई लावते. 'ऑल क्वाएट'मध्ये पण बघा, तीनच सूर, जाडेभरडे, भोंग्यासारखे. ते हार्मोनियमवर वाजवलेत, संगीतकाराच्या पणजीची पेटी होती ती. आपल्याकडे ज्या पेटीवर आजी लोक भजनं म्हणतात तिच्यातून यंत्राचा राक्षस काढला त्या माणसाने, साष्टांग नमस्कार.

नौपाड्यातली_मावशी
हे वाचून बरं वाटलं. पण मला 'डंकर्क'ची सुरुवात लक्षात आहे ती टिकटिकीसाठी नाही बरं का. रिकामा रस्ता, वरून कागद पडतायत, तुम्हाला वेढलंय म्हणून. आणि ती पोरं काय करतात? एक जण बागेच्या पाइपला तोंड लावून पाणी पितो, एक खिडकीतून हात घालून ॲशट्रेतली थोटकं शोधतो, आणि तो नायक पोरगा आडोसा बघून बसायच्या तयारीत. तहान, तलफ, आणि पोट. शत्रू दिसतच नाही, गोळ्या येतात आणि एक सोडून सगळे मरतात. मी दोन मुलगे वाढवलेत, मला नकाशा नको की शटर नको. भुकेलं तहानलेलं पोर दिसलं की माझं काम झालं.

पामबीच_पॅसेंजर
हाच तर मुद्दा आपल्या 'बॉर्डर'वाल्यांना पकडता आला होता. लोंगेवालाची लढाई मागे, आधी सगळी घरं, आया, बायका, पत्रं. लोक हसतात त्याला, पण थिएटरमध्ये रडतात पण तेच लोक.

तिसरी_घंटा
'बॉर्डर'मध्ये घरं आहेत म्हणजे पुन्हा माहिती! कोण कोणाचा, कोणाच्या घरी काय, सगळं कळल्यावर मग लढाई. मावशींचंही तेच, थोटकं शोधणारा पोरगा म्हणजे तपशील, आणि तपशील म्हणजे माहिती. ट्रॅफिकराव एकटे पडले.

घोडबंदरचा_ट्रॅफिक
एकटा कुठे पडलो, मावशींनी लिहिलंय की शत्रू दिसत नाही, ते वाचलं नाहीत वाटतं सोयीस्कर. 'डंकर्क'मध्ये त्या पोरांची नावं पण आपल्याला तेव्हा माहीत नसतात. तहान कळते, नाव कळत नाही. मी माहिती म्हणतोय ती परिस्थितीची, माणसाची नाही. माणूस दाखवा की, कोण नाही म्हणतंय.

तिसरी_घंटा
हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतंत.

डबल_डेकर_वाशी
तुम्ही सगळे एक विसरताय, आपल्या थिएटरात युद्धपट दिग्दर्शक सुरू करत नाही. आपल्याकडे आधी राष्ट्रगीत लागतं, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ते ऐच्छिक केलं तरी महाराष्ट्रात लागतंच, त्या व्हिडिओत बर्फ, जवान, झेंडा. त्यानंतर तंबाखूविरोधी जाहिरात. म्हणजे 'उरी' सुरू होताना पब्लिक आधीच उभं राहून, छाती भरून, खाली बसलेलं असतं. मग मणिपूरमधला ताफ्यावरचा हल्ला दिसतो, 2015 ची खरी घटना, 18 जवान गेले होते चंडेलला. आणि लगेच सीमेपलीकडे बदला. प्रेक्षकाला गुंतवायचं काम अर्धं झालेलंच असतं, फक्त राग कुठे वळवायचा ते दाखवायचं. माझ्या बाजूच्या सीटवरचा माणूस पहिल्या गोळीलाच घोषणा द्यायला लागला. हे गुंतणं आहे का तापवणं? मला तरी दुसरं वाटतं.

पामबीच_पॅसेंजर
बदला दाखवला म्हणून वाईट सिनेमा का? कॉलेजच्या पोरांनी तो हल्ला बातमीत दोन मिनिटं बघितला असेल, सिनेमामुळे लक्षात राहिला. आणि घोषणा देणारा माणूस गुंतलाय नाहीतर काय झोपलाय?

डबल_डेकर_वाशी
मॅचमध्ये पण लोक घोषणा देतात. ओमाहाच्या सीननंतर कोणाला घोषणा द्याविशी वाटते का ते सांग. तिथे अमेरिकनच शरण आलेल्यांना गोळ्या घालतात, हात वर केलेत तरी. पंचवीस मिनिटं ज्यांच्या बाजूने जीव मुठीत धरून बसलो तेच हे करतात, आणि आपल्याला क्षणभर बरं वाटलेलं असतं. ते बरं वाटणं मला अजून खातं.

ऐरोलीचा_कान
वाशीकर, त्या जागी पण संगीत नाहीये बघा. एक करुण व्हायोलिन टाकलं असतं तर आपल्याला लगेच कळलं असतं की वाईट वाटून घ्यायचंय.

तिसरी_घंटा
हा मुद्दा मान्य, व्हायोलिन नकोच. पण ट्रॅफिकराव, ह्याचं उत्तर द्या. '1917' सिनेमाची सुरुवात. झाडाखाली दोन पोरं डुलक्या काढतायत, कुरण आहे, उठतात, चालायला लागतात, आणि कॅमेरा न तुटता त्यांच्यासमोर मागे मागे सरकतो, हळूहळू दोन्ही बाजूंनी मातीच्या भिंती वर येतात. गोळी नाही, गोंधळ नाही. मग सेनापती नकाशावर बोट ठेवून सगळं समजावतो, कुठे जायचं, कधीपर्यंत, 1600 माणसांचा जीव, त्यात तुझा भाऊ. नकाशा आहे, आकडा आहे, डेडलाइन आहे! तुमच्या नियमाप्रमाणे इथे प्रेक्षकाने पॉपकॉर्न आणायला जायला हवं होतं.

घोडबंदरचा_ट्रॅफिक
सेनापतीने सांगितलेलं खरं आहे की नाही हे त्या दोघांना तरी माहीत आहे का? जर्मन खरंच मागे गेलेत का, समोरचा खंदक रिकामा आहे का, काही नाही. नकाशा मिळाला म्हणजे परिस्थिती कळली असं होत नाही.

तिसरी_घंटा
आता तुम्ही काहीही दाखवलं तरी त्याला 'माहिती नाही' म्हणणार, मग वाद कशाला घालायचा.

नौपाड्यातली_मावशी
'1917'त त्या पोराला उठवतात तेव्हा सांगतात की एक माणूस निवडून घे, आणि तो शेजारी झोपलेल्या मित्राला हात देऊन उठवतो. काम काय आहे ते दोघांनाही माहीत नसतं. पुढे मित्र चिडतो त्याच्यावर, मलाच का निवडलंस म्हणून. ह्यात माहिती आहे की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, मी कुकर लावते.